बरोबर पोचलेले किरण

व्हिडिओ कॉलवर लेकीचे ओठ आधी हलतात, आवाज मागाहून येतो. परदेशात ती मरणाऱ्या ताऱ्यांचा प्रकाश तपासते.

"बाबा, दोन किरण एकदमच निघतात, अब्जावधी वर्षं चालतात. त्यातला जास्त ऊर्जेचा किरण जरासा उशिरा पोचला, तर समजायचं, अवकाश सलग नाही, रव्यासारखं दाणेदार आहे."

"मग पोचतो उशिरा?"

"अजून तरी नाही. दोघं बरोबरच येतात."

अब्जावधी वर्षं चालून दोघं एकत्र पोचतात! हिची आई आणि मीही एकत्रच निघालो होतो. आम्हाला चाळीस वर्षंसुद्धा जमलं नाही.

तेवढ्यात चित्र थिजलं. त्या थिजलेल्या हसऱ्या चेहऱ्यामागून आवाज आला, "जेवलात ना?"

"हो," मी म्हणालो. कॉल तुटला होता. पुढ्यात खानावळीचा डबा तसाच बंद होता.