टोपलीची व्याख्या

वाचनालयात मी लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते, आणि हंगामी होते. दर तीन महिन्यांनी ग्रंथपाल माझ्याकडे बघून "बघू" म्हणायचे आणि त्या एका शब्दावर मी पुढचे तीन महिने काढायचे. ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत रत्नागिरीत पदवी झालेल्या मुलीला कामं दोनच: शाळेत शिकवणं, नाहीतर शाळेतून बोलावणं येईल म्हणून वाट बघणं. मी तिसरं शोधून काढलं म्हणून घरी थोडा अभिमान होता.

माझं गाव जयगडच्या वाटेवर. सकाळची जयगडची एसटी आमच्या फाट्यावर यायची ती निम्मी भरलेली, आणि बहुतेक मासेवाल्या बायकांनी आणि त्यांच्या टोपल्यांनी. टोपली आत घ्यायची की टपावर टाकायची, यावरून रोज भांडण. कंडक्टर चांगल्या मनाचा असला तर टोपल्या मागच्या बाकाखाली सरकत. नियमाचा असला तर बायका फाट्यावर आणि गाडी पुढे. मी त्या बायकांशी गोड बोलायचे, "या हो मावशी, सरकते मी," आणि वाचनालयात पोचल्यावर पदर नाकाशी नेऊन अर्धा तास एसटीला आणि बांगड्यांच्या वासाला नावं ठेवायचे. हे आधीच सांगून टाकते. पुढे आमदारांची गोष्ट आहे, आणि ती सांगणारी स्वतः फार सोवळी होती असा समज नको.

त्या वर्षी विधानसभेत एका दुसऱ्या जिल्ह्याच्या सदस्यानं अशासकीय ठराव आणला: मासे विकणाऱ्या बायकांना टोपलीसह एसटीत आत बसू द्यावं. ठराव थोडक्या मतांनी पडला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. आमच्याकडे मात्र त्या चार ओळींवर चार आठवडे चर्चा चालली, कारण निम्म्या रत्नागिरीला टोपली आत हवी होती आणि उरलेल्या निम्म्या रत्नागिरीला त्याच गाडीतून इस्त्रीचे कपडे घालून जायचं होतं.

आमचे आमदार बोलायला गोड. बंदरावर सभा झाली तेव्हा त्यांनी हात उंच करून सांगितलं, "माझ्या माता-भगिनींच्या टोपलीसाठी मी सभागृहात ठाम उभा राहिलो." टाळ्या पडल्या. पुढच्याच रविवारी पेन्शनर मंडळात त्यांचं व्याख्यान झालं. तिथे ते म्हणाले, "प्रवाशांच्या आरोग्याशी खेळणाऱ्या या ठरावाला मी ठाम विरोध केला." तिथेही टाळ्या पडल्या, फक्त वयोमानाने जरा हळू.

दोन्ही भाषणं दोन वेगळ्या गावांत झाली असती तर काही बिघडलं नसतं. पण पेन्शनर मंडळात आमच्या मोठ्या बाई होत्या. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या शहराला त्यांनी चौथीत शिकवलं होतं, आमदारांनासुद्धा. आणि बाईंच्या दारात रोज मासळी घेऊन यायची ती मावशी बंदरावरच्या सभेत पहिल्या रांगेत बसलेली होती. सोमवारी सकाळी सुरमई घेता घेता दोन्ही भाषणं एकमेकांना भेटली.

"आमदारान तर सांगितलान, मी तुमच्या बाजून," मावशी म्हणाली.

"मला सांगितलंन, मी विरोधात," बाई म्हणाल्या.

मावशीनं सुरी खाली ठेवली. "मग करलान काय?"

बाई म्हणाल्या, "बघते."

विधानसभेच्या कामकाजाचे छापील खंड आमच्या वाचनालयात सरकारी पार्सलातून यायचे, काही महिने शिळे. ते कोणी वाचत नसे. सुतळी सोडायची, शिक्का मारायचा, वरच्या फळीवर ठेवायचे, एवढंच माझं काम. बाई आल्या, म्हणाल्या, "त्या अधिवेशनाचा खंड आला की मला दे." मी बरं म्हटलं. पुढचे तीन महिने त्या रोज चार वाजता येऊन विचारायच्या. ही बातमी लपून राहणं शक्य नव्हतं. खंड आला त्याच दुपारी आमदारांचा एक कार्यकर्ता स्कूटर लावून आत आला. मधल्या वयाचा, नम्र माणूस. इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, तो खंड आठ दिवस बाइंडिंगला गेलाय असं सांगा."

"पण गेलेला नाही."

"म्हणूनच सांगायचं ना. साहेबांच्या लक्षात राहील. तुम्ही हंगामी आहात, असं ऐकलं."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण 'हंगामी' हा शब्द ऐकला आणि मी होकाराची मान हलवली. तो गेला. चार वाजायला पाच मिनिटं होती. फळीवर ठेवावा तर बाईंना दिसेल. कपाटाच्या किल्ल्या ग्रंथपालांकडे, आणि ग्रंथपाल चहाला गेलेले. बाईंच्या छत्रीची टकटक पायरीवर ऐकू आली तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. खंड खुर्चीवर ठेवला आणि वर बसले.

"आला का गं?"

"आला बाई. पण बाइंडिंगला गेलाय."

"आजच आला, आणि आजच उसवला?"

"सरकारी शिवण असते ना, बाई."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि तू आज एवढी उंच कशी झालीस?"

चाळीस वर्षं वर्गात कोण पाटीखाली काय लपवतं ते बघण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं तिच्यापुढे मी कोण? मी उठले. खंड टेबलावर ठेवला. कान इतके तापले होते की वर पंखा आहे की नाही तेही कळेना. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "पानं जोडलेली दिसतायत. पट्टी आण, कापू या."

मग आम्ही दोघी बसलो. मी पानं कापायची, त्या वाचायच्या, मोठ्यानं, शाळेत धडा वाचावा तशा. आमदारांचं नाव पहिल्यांदा सापडलं ते चर्चेच्या मध्यावर. 'अध्यक्ष महोदय, टोपलीची व्याख्या काय?' आणि पुढे कंसात, 'हशा'.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. प्रश्न बरा आहे, पण उत्तर ऐकायला थांबलेला दिसत नाही."

शेवटी मतदान. मुंबईत बहुतेक मतदान आवाजी असतं, ओरडण्यावर भागतं, पण त्या दिवशी कोणीतरी मोजणी मागितली होती, म्हणून नावं छापलेली. ठरावाच्या बाजूनं कोण, विरोधात कोण. बाईंनी बोट ठेवून बाजूची यादी वरून खाली वाचली. नाव नाही. "म्हणजे आम्हाला खरं सांगितलं," म्हणून त्यांनी विरोधाची यादी घेतली. तिथेही नाही. मग मी वाचली. मग आम्ही याद्या बदलून वाचल्या. ग्रंथपाल चहाहून आले, त्यांनाही बसवलं. तिघांनी मिळून शोधलं तरी आमचा आमदार दोन्ही याद्यांतून बेपत्ता.

"गैरहजर असतील," ग्रंथपाल म्हणाले.

"मग टोपलीची व्याख्या कोणी विचारली?" बाई म्हणाल्या, आणि एका चिठ्ठीवर तीन शब्द लिहून आमदारांच्या घरी पाठवले: 'येऊन भेट. बाई.'

मला वाटलं, येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी चारलाच आले, एकटे, पांढऱ्या कपड्यांत. टेबलावर उघडा खंड दिसला तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी शिक्क्याची शाई तपासायला लागले.

"बस," बाई म्हणाल्या. "तू होतास कुठे?"

"सभागृहातच होतो, बाई."

"मग नाव कुठे आहे?"

आमदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सभेतला त्यांचा आवाज मला ठाऊक होता. हा वेगळाच निघाला, बारीक. म्हणाले, "बाई, घंटा वाजली की उठून दारांतून जावं लागतं. बाजूचे एका दारातून, विरोधातले दुसऱ्या. मी उठलो. बंदरावरच्या बायका आठवल्या, म्हणून इकडे निघालो. निम्म्यात पेन्शनर मंडळ आठवलं, म्हणून तिकडे वळलो. तिकडे पोचतो तर वाटलं, त्या बायकांना उन्हात टाकून गाड्या जातात ते मी लहानपणापासून बघितलंय. परत इकडे."

"आणि?"

"आणि दोन्ही दारं बंद झाली."

ग्रंथपालांना ठसका लागला. ते उठून वर्तमानपत्रांकडे गेले.

"पक्षानं काही सांगितलं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"मोकळीक दिली होती, बाई! तेच तर वाईट झालं. सांगितलं असतं तर विचार करावा लागला नसता."

बाईंनी खंड मिटून बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मत दिलं नाहीस ते मी समजू शकते. एक चूक झाली. पण मग दोन्हीकडे जाऊन 'ठाम' कशाला म्हणालास? एकदा तरी 'जरासा' म्हणायचंस."

"आता काय करू?"

"दोन्हीकडे जा आणि आत्ता सांगितलंस ते सांग. यातला एक शब्द बदलू नकोस."

"बाई, निवडणूक येतेय."

"म्हणूनच. नंतर कोण ऐकतंय?"

जाताना आमदार माझ्या टेबलाशी थांबले. मला वाटलं, संपली नोकरी. ते म्हणाले, "तुमच्यावर उगाच वेळ आणली. तो माणूस माझ्यासाठी तुमच्याकडे आला, हे मला ठाऊक होतं. नव्हतं ठाऊक असं म्हणणार होतो, पण बाई ऐकतायत." आणि निघून गेले.

बंदरावर त्यांनी सांगितलं तेव्हा बाईंबरोबर मीही गेले होते. संध्याकाळची वेळ, जाळी वाळत घातलेली, बायका उकिडव्या बसलेल्या. आमदारांनी घंटा सांगितली, दारं सांगितली, आपलं इकडून तिकडे जाणंही सांगितलं. मला त्यांची दया आली. मग बाईंच्या दारात मासळी आणणारी ती मावशी उठली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे तू दारातच उभा ऱ्हायलास?"

"हो."

"आमी पण रोज दारातच उभ्या ऱ्हातो. कंडक्टर आत घेत नाय."

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही, पण मग सगळ्या बंदरभर हसू पसरलं, आणि आमदारही हसले, जरा उशिरा, परवानगी मिळाल्यासारखे. मावशी थांबली नाही. "दारातल्या माणसाचा हाल आता तुला समजलाय ना? मग जा आनि आमच्यासाठी दार उघडून दे."

पेन्शनर मंडळात एवढं सोपं गेलं नाही. तिथे सगळ्यांनी आयुष्यभर फायलींवर शेरे मारलेले. एका निवृत्त मामलेदारांनी जागच्या जागी आमदारांच्या निषेधाचा ठराव मांडला. हात वर झाले. बाजूनं जितके, विरोधात तितकेच. सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. अध्यक्ष बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "चहा आलाय वाटतं." तो ठराव माझ्या माहितीप्रमाणे अजून प्रलंबित आहे.

आमदार त्यानंतर एसटीच्या आगारात गेले. तिथले प्रमुख म्हणाले, "साहेब, ह्याला विधानसभा कशाला हवी? जयगडच्या सकाळच्या गाडीतलं मागचं लांब बाक काढून टाकतो, टोपल्या तिथे राहतील. याआधी कोणी विचारलंच नाही." आठ दिवसांत बाक निघालं. ते बाक म्हणजे माझी नेहमीची जागा. पहिल्या दिवशी पुढची सगळी बाकं भरलेली, म्हणून मी दांडा धरून उभी राहिले आणि मनात जी काही भाषा वापरली ती सरकारी खंडात छापली नसती. एका मावशीनं रिकामी टोपली उपडी घातली आणि थोपटून म्हणाली, "बस गो बाय." मी बसले. निवळी फाट्यापर्यंत माझी बहुतेक मतं तशीच होती. पण पाय दुखायचे थांबले होते.

निवडणुकीत आमदार हरले. टोपलीमुळे नाही, पक्षात काहीतरी फाटाफूट झाली, तिकीटच दुसऱ्याला गेलं, ते अपक्ष उभे राहिले. बंदरावरची मतं मिळाली म्हणतात. मी तोपर्यंत कायम झाले होते. ग्रंथपाल एक दिवस "बघू" म्हणायचं विसरले, तेवढ्यावरच.

हरल्यानंतर महिन्याभरानं ते वाचनालयात आले आणि सभासद झाले. आधी रहस्यकथा नेल्या. मग काही महिन्यांनी एके दिवशी चारला, बाई समोर पेपर वाचत असताना, माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारलं, "विधानसभेचे नवे खंड आले का?"

दोन आले होते. ते खिडकीशी बसून संध्याकाळपर्यंत वाचत होते, बोट ठेवून, वरून खाली. अचानक त्यांनी एवढ्या मोठ्यानं हाक मारली की वाचक दचकले.

"बाई, बघा! नवीन आमदार. अख्खं अधिवेशन झालं, तोंड उघडलेलं नाही. टोपलीची व्याख्यासुद्धा नाही!"

बाईंनी पेपर खाली केला. "वाचनालय आहे," त्या म्हणाल्या. "हळू बोल. आणि मतदानाची पानं वाचलीस का?"

"अजून नाही, बाई."

"मग आधी ती वाच."