झाडलेलं वाळवंट

जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या त्या घरात जिना आणि तळघर झाडायची पाळी दर आठवड्याला बदलायची. पाळी आली की दाराला पाटी लटकायची. मी नववीत शाळा सोडलेली, जर्मन वाचता यायचं नाही. पण झाडू कळत होता. आमची वरची खोली फार वणवण करून मिळालेली. म्हणून पाटी दिसली की मी जरा जास्तच झाडायचे.

एका शनिवारी तळघरात घरमालक आजोबांच्या खोलीचं दार उघडं दिसलं. आत मोठ्या टेबलावर छोटी आगगाडी आणि रुळांवर बोटभर वाळू! म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला होत नसेल. ब्रशने रूळ लख्ख केले, वाळू डब्यात.

दुपारी हे हॉटेलच्या किचनमधून आले. कौतुकाने सांगितलं, तर ह्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, ती वाळू त्यांनी माझ्यासमोर चाळून चाळून पसरली होती! आता खोली जाते बघ."

"अहो, असं काय बोलता?"

"मग काय, साडी नेसवतील तुला?"

मी तशीच खाली गेले. आजोबा टेबलापाशीच उभे. तीनदा "एंटशुल्डिगुंग", म्हणजे माफ करा, म्हटलं. त्यांनी वाळूचा डबा उचलून आत पाहिलं. मी मनात बॅगा भरायला लागले.

त्यांनी भिंतीवरचा फोटो काढला आणि अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं. त्यांचे वडील आफ्रिकेतल्या वाळवंटात इंजिन चालवायचे, तांब्याच्या खाणीपासून समुद्रापर्यंत. तांबं संपलं, गाडी थांबली, वाळूने रूळ गिळले. टेबलावर तेच होतं. मग फोटोच्या कडेला बोट ठेवलं. फावडी घेतलेली पाच-सहा तिथलीच माणसं.

"वाळू रोज यायची. हे रोज काढायचे. वडिलांनी इंजिनाचा नंबर लिहून ठेवला, ह्यांच्यातल्या एकाचंही नाव नाही."

मग माझ्या लख्ख रुळांकडे बराच वेळ पाहिलं. "आल्झो, म्हणजे गाडी चालू होती तेव्हा असंच दिसत असणार."

डब्यातली वाळू आम्ही दोघांनी चहाच्या गाळणीने चाळली. समुद्राकडच्या अर्ध्या भागावर पसरली. खाणीकडचा अर्धा त्यांनी तसाच झाडलेला ठेवला.

निघताना धीर करून मी वर बोट दाखवलं. "आमची खोली?"

त्यांना आधी कळेना. मग हसले. "वरच राहा की! फक्त तुमच्या पाळीच्या आठवड्यात ह्या दाराला कुलूप."

कुलूप त्यांनी खरंच लावलं. पुढची सहा वर्षं आम्ही त्याच खोलीत राहिलो.