सायकलवाली पोरगी सांगेल

निरोपाचा कार्यक्रम दुपारी चारचा होता. साडेतीनला मेकअपच्या खोलीच्या दारात एक पन्नाशीची बाई येऊन उभी राहिली. आत फाटकवाली आरशासमोर डफ गरम करत बसली होती. टेबलावरचा दिवा वाकवून त्याच्या उबेत कातडं ताणून घ्यायची तिची जुनी सवय. सही मागायला लोक यायचेच, म्हणून तिने न बघताच हात पुढे केला.

"सही नको," ती बाई म्हणाली. "मी फाटकवाल्याची मुलगी."

फाटकवालीचा हात तसाच राहिला.

आता हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. गाणारीचं स्वतःचं नाव तिच्या घरच्यांखेरीज कुणाला आठवत नव्हतं. एका गाण्याने ते खाऊन टाकलं होतं. रेल्वे फाटकावरच्या अपघाताचं गाणं. चाळीस वर्षांत तिने दोनेकशे गाणी रचली, पेरणीची, भांडणाची, नवऱ्याला टोमण्यांची, एक तर नुसतं हरवलेल्या म्हशीवर. पण ती स्टेजवर आली की पाचव्या मिनिटाला मागून हाक यायचीच, "फाटक! फाटक!" आणि मग ते गाणं व्हायचं. त्यातली एक ओळ तर शेंबड्या पोरालाही पाठ:

फाटक उघडं, ऊन चढलं, गाडी आली वेळेवर,
फाटकवाला झोपला होता, डोकं ठेवून बाकावर!

'झोपला होता' म्हटलं की लोक दोन टाळ्या मारायचे. टाळ्यांच्या मागून घोरायचे. अख्खं सभागृह एका सुरात घोरायचं आणि हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. नऊ माणसं मेली होती त्या अपघातात, पण गाण्याचं काय, गाणं चाललं म्हणजे झालं.

"बसा ना," फाटकवाली म्हणाली.

"बसायला नाही आले. बाबांना घेऊन आलेय. तिसऱ्या रांगेत कडेला बसवलंय." मुलीने दार ओढून घेतलं. ती कपडे शिवायची. खांद्यावरची टेप तशीच राहिली होती, तिच्या लक्षात नव्हतं. "ब्याऐंशी वर्षांचे आहेत. आता काही लक्षात राहत नाही त्यांच्या. जेवलो की नाही ते आठवत नाही, आई गेली ते आठवत नाही. गाणं मात्र आठवतं. रोज पहाटे उठून भिंतीकडे तोंड करून नऊ माणसांची माफी मागतात. माझा डोळा लागला म्हणतात, माझ्यामुळे गेलात म्हणतात. मी सांगते, बाबा, तुम्ही जागे होतात. तर म्हणतात, वेडी का काय तू, गाण्यात आहे ना."

कोपऱ्यात तिचे दीर अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे आवळत होते, ते थांबले.

"चौकशीचा कागद दाखवला मी," मुलगी म्हणाली. "त्यात काय, दोष सिद्ध होत नाही, एवढंच. जागे होते असं कुणीही लिहिलं नाही. ट्रकचा ड्रायव्हर गेला. वाचले ते मागच्या हौद्यात होते, त्यांना पुढचं काही दिसलं नाही. पण एकीने पाहिलं होतं. बाबा तेव्हा आईला रोज सांगायचे, घाबरू नको गं, ती सायकलवाली पोरगी होती ना, अंड्यांची टोपली घेऊन, दहा हातांवर उभी होती. ती सांगेल. मी आठ वर्षांची होते. मीही वाट बघायची त्या पोरीची." ती थांबली. "मग रेडिओवर गाणं आलं. आणि ते कोण गातंय ते कळलं."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. फाटकवालीला राग आला, आणि स्वतःचा यायच्या आधी समोरच्या बाईचा आला. "गाणं म्हणजे काय साक्ष असते का?" ती फणकारली. "कार्यक्रमाच्या तोंडावर येऊन हे काय लावलंय? चाळीस वर्षं कुठे होता?"

"शाळेत होते," मुलगी म्हणाली. "माझ्या मागच्या बाकावरची मुलं घोरायची. मग बदलीच्या गावात होते. तिथेही घोरायची. बाई, मला भांडायचं नाहीये. त्यांना एकदा सांगा. माझं ऐकत नाहीत, कागदाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही बघितलंय."

बघितलं होतं. अगदी दहा हातांवरून बघितलं होतं.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची. घरच्या कोंबड्यांची अंडी सायकलवरून बाजारात न्यायची आणि बाजारात उभी राहून गाणी म्हणायची, म्हणजे गिऱ्हाईक थांबतं. त्या दिवशी फाटकाचा दांडा चार दिवसांपासून मोडलेला होता. फाटकवाल्याने दोनदा कळवलं होतं, कुणी फिरकलं नव्हतं. म्हणून गाडीची वेळ झाली की तो स्वतःच रस्त्यात आडवा उभा राहायचा. सायकलवाली थांबली. मागून खाणीतल्या मजुरांचा ट्रक आला, तो थांबेना. ड्रायव्हर ओरडला, "गाडी लांब आहे, हो बाजूला!" फाटकवाल्याच्या डाव्या हातात लाल झेंडी होती. उजव्या हाताने तो बॉनेटवर थापा मारत होता, उलटा उलटा चालत, "थांब! अरे थांब!" करत. शेवटच्या क्षणी तो बाजूला पडला. ट्रक रुळांवर गेला. पुढचं सांगण्यासारखं नाही. सायकल आडवी झाली, सगळी अंडी फुटली आणि ती घरी पळाली.

आठवड्याने तिने गाणं रचलं. खरं रचलं. त्यात होतं, 'लाल झेंडी घेऊन धावला फाटकवाला रस्त्यावर.' बाजारात म्हटलं. लोकांनी ऐकलं, बिचारा म्हणाले आणि मिरच्या घ्यायला गेले. पुढच्या बाजारी पुन्हा म्हटलं, तर एक कांदेवाला ओरडला, "अगं झोपला असेल मेला! फुकटचा पगार खाऊन हे लोक जागे असतात होय?" हशा पिकला. तो हशा तिला गोड लागला. तिने तिथल्या तिथे ओळ फिरवली, कांदेवाल्याने दोन टाळ्या मारल्या आणि बाजार जागच्या जागी उभा राहिला. लोकांना रडायला कुणीतरी मेलेलं लागतं आणि शिव्या घालायला कुणीतरी जिवंत लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

मग स्टेशनवर नोटीस लागली, ज्यांनी अपघात पाहिला त्यांनी येऊन जबाब द्यावा. तारीख मंगळवारची. मंगळवारीच तिला पहिल्यांदा माईकवर गायला बोलावलं होतं. ती माईककडे गेली. तिकडे रेल्वेने पंधरा दिवसांत नवाकोरा दांडा बसवला, बैल गेला आणि झोपा केला. फाटकवाला कागदावर सुटला आणि गाण्यात अडकला. पुढच्या कार्यक्रमात ओळ बदलू, असं ती मनाशी म्हणायची. पहिली दोन-तीन वर्षं म्हणायची, मग तेही सुटलं.

"वहिनी, पावणेचार," दीर म्हणाले.

फाटकवाली उठली. डफ टेबलावर ठेवून ती बाजूच्या दाराने सभागृहात गेली. मुलगी मागोमाग. लोक खुर्च्या शोधत होते, काहींनी तिला ओळखून हात जोडले. तिसऱ्या रांगेत कडेला इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला म्हातारा ताठ बसला होता.

ती त्याच्यासमोर वाकली. "काका, मी ती सायकलवाली. तुम्ही झोपला नव्हता. मी पाहिलंय. तुम्ही रस्त्यात उभे होतात."

म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी... ते गाणं म्हणते ती."

"अरे वा!" त्याचा चेहरा उजळला. "मग तुम्हाला तर माहीतच आहे. तुमच्याच गाण्यात आहे की."

मुलीने तोंड फिरवलं. पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. सांगून भागणार नव्हतं, गावंच लागणार होतं.

आत येऊन तिने दिरांना सांगितलं, "आज जुनी ओळ."

"कुठली जुनी?"

"पहिली. झेंडीची."

दिरांनी ती ओळ ऐकलेलीच नव्हती. ते तीस वर्षं साथ करत होते. "वहिनी, आयोजकांनी गाणं शेवटी ठेवलंय. लोक त्याच्यासाठी आलेत. आज नको हा खेळ, पाया पडतो."

"पडा," ती म्हणाली आणि डफ उचलला.

दीड तास ती काय गायली ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. सगळं लक्ष तिसऱ्या रांगेच्या कडेला. मग मागून पुन्हा हाक आली, "फाटक! फाटक!" अ‍ॅकॉर्डियनने सूर धरला आणि नुसत्या सुरावरच टाळ्या पडल्या. पहिली दोन कडवी बिनबोभाट गेली. तिसरं आलं. तिने स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हटलं:

फाटक मोडकं, ऊन चढलं, गाडी आली वेळेवर,
लाल झेंडी घेऊन धावला...

पुढे तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही. सातशे माणसं म्हणत होती, 'फाटकवाला झोपला होता!' दोन टाळ्या. आणि मग ते घोरणं.

तिने पुन्हा कडवं धरलं. पुन्हा तेच. कुणीतरी प्रेमाने ओरडलं, "बाई, विसरलात का? झोपला होता!" लोक हसले. वयच झालं बिचारीचं, आपण सांभाळून घेऊ, म्हणून आणखी जोरात म्हणू लागले. तिने हात करून अ‍ॅकॉर्डियन थांबवायला लावलं. "हे खोटं आहे," ती माईकवर म्हणाली. "तो झोपला नव्हता. मी पाहिलं होतं, आणि मीच खोटं रचलं." क्षणभर शांत झालं. मग पुन्हा हशा. नवीन गंमत दिसतेय. वाद्याविना, तिच्याविना सभागृहाने ते कडवं परत सुरू केलं, आणि दोन टाळ्या अशा पडल्या की स्टेज हादरलं. ती डफ हातात धरून नुसती उभी. स्वतःचं गाणं स्वतःच्या तोंडावर ऐकत उभी.

तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. म्हातारा टाळ्या मारत होता. बरोबर दोन.

मग तिचं थांबणं त्याच्या लक्षात आलं. मुलीचा हात धरून तो उठला आणि हळूहळू स्टेजच्या कडेपाशी आला. ती गुडघ्यावर बसली. तो खालून, कुणाला ओशाळं वाटू नये अशा हळू आवाजात म्हणाला, "म्हणा बाई, म्हणा. मी समोर बसलोय म्हणून ओळ बदलू नका. मला राग नाही. खरं ते खरं."

फाटकवाली त्या दिवशी स्टेजवर रडली. लोकांना वाटलं, निरोपाचं रडतेय. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तिने पुन्हा ते गाणं स्टेजवर म्हटलं नाही. पण मी तुम्हाला सांगतो, तिने न म्हटल्याने काही अडलं नाही. लोक म्हणतातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने शिवणवालीचं दार वाजवलं. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन आणि कापडांचे गठ्ठे, आतल्या खोलीत खाट. म्हातारा भिंतीकडे तोंड करून माफी मागत होता. सातव्या माणसापर्यंत आला होता. ती स्टूल ओढून बसली, डफ काढला आणि हळू आवाजात झेंडीचं कडवं म्हटलं. त्याने मान डोलावत ऐकलं. "चाल छान आहे," तो म्हणाला, "ओळ तेवढी चुकतेय तुमची."

"हो का? उद्या परत म्हणते."

रोज सकाळी ती कोण, हे त्याला नव्याने सांगावं लागे. रोज तो कौतुकाने ऐके आणि रोज तीच चूक दाखवी. मुलगी पहिले चार दिवस तिच्याशी एक शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने चहाचा तिसरा कप ठेवला. दीर म्हणाले, वहिनी, साप गेला, आता भुई धोपटून काय उपयोग? ती म्हणाली, धोपटू द्या.

दीड महिना गेला. एका सकाळी कडवं संपलं आणि म्हातारा नेहमीचं काही बोलला नाही. कपाळाला आठ्या घालून बसला. मग विचारलं, "झेंडी कुठल्या हातात?"

बाहेरचं मशीन थांबलं.

"डाव्या," फाटकवाली म्हणाली. "उजव्या हाताने तुम्ही बॉनेटवर थापा मारत होतात. उलटं उलटं चालत."

म्हाताऱ्याने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. बराच वेळ त्याकडे बघत राहिला, अंगठ्याने तळवा चोळत.

"बॉनेट तापलेलं होतं," तो म्हणाला. "कातडं सोललं होतं माझं. आठवडाभर हिच्या आईने भरवलं मला."

मुलगी दारात येऊन उभी होती.

म्हाताऱ्याने मान वर केली. चाळीस वर्षांपूर्वी बॉनेटवर थापा मारताना सायकलवालीने पाहिलेले तेच घाबरलेले डोळे आता तिच्याकडे बघत होते. "हे गाण्यात नाही," तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "गाण्यात नाही, काका."