माळाचा पडदा

विष्णुपंतांच्या हाताला सरसाचा वास यायचा. कितीही घासले तरी जायचा नाही. त्यांची बायको शरयू म्हणायची, "तुम्ही पाटावर बसलात की मला वाटतं, पडदाच जेवायला आलाय."

पंत सांगलीच्या एका नाटक कंपनीत पडदे रंगवायचे. मांजरपाट ताणायचा, सरसाच्या चिकट पाण्यात रंग कालवायचे आणि त्या सपाट कापडावर असा राजवाडा उभा करायचा की बघणाऱ्याला वाटावं, दोन कोस आत चालत जाता येईल. राजवाडाच, बरं का. दुसरं काही नाही. कंपनीचे मालक आप्पासो पडद्यापुढं उभे राहायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "पंत, खांब वाढवा." एवढंच त्यांना कळायचं.

पंत मूळचे म्हसवडकडचे. लहानपणी पाहिलेला माळ त्यांच्या डोळ्यांतून कधी गेला नाही. एकदा त्यांनी भीतभीत मालकांना विचारलं, "एक माळ काढू का? ओसाड. सांजेचा."

"दुष्काळ लोकांच्या घरी फुकट आहे," आप्पासो म्हणाले. "तिकीट काढून बघायला कोण येतंय?"

विषय संपला. पगार मात्र वेळेवर मिळायचा आणि भारी रंगाला मालकांनी कधी नाही म्हटलं नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर मेल्या माणसावर अन्याय व्हायचा.

मग लढाई आली. बोलपटांनी माणसं ओढून नेली. आप्पासो कंटाळले आणि थिएटर, पेट्या, पडदे सगळं नटांच्या गळ्यात टाकून वाईला भावाकडे निघून गेले. तेव्हा पुढं झाला अनंत. नायकाचं काम करायचा, खादी घालायचा, समाजवाद्यांच्या अभ्यासवर्गाला जायचा. आवाज असा की भाजीचा भाव सांगितला तरी टाळी पडावी.

"आता इथं मालक नाही अन् नोकर नाही," तो म्हणाला. "अकरा माणसं, अकरा सारखे वाटे. आणि पंत, तुमच्या कुंचल्यावर यापुढं कुणाचा हुकूम नाही!"

पंतांनी दुसऱ्याच दिवशी मांजरपाट ताणला. पण सगळ्यांची कंपनी म्हटल्यावर पडद्याचीही सभा भरली. तबलजी नानासो पलूसचा. तो म्हणाला, "पंत, माळ काढा खुशाल, पर मधी एक हीर काढा की. आमच्या पलूसला हाय तशी. मोटंसकट." कुणाला माळावर गणपतीचं देऊळ पाहिजे होतं, तर एकाला चक्क नाव. माळावर नाव! एका मालकाला भिणारे पंत आता दहा मालकांपुढं बसले होते. हात वर करायची वेळ आली, तशा सगळ्यांच्या नजरा जुन्या राजवाड्याच्या पडद्याकडं वळायला लागल्या.

अनंत उठला. "समता म्हणजे दहा जणांनी एकाचा हात धरायचा नव्हे. पंतांना जे दिसतं ते पंत काढतील."

सभा उठली. त्या दिवसापासून अनंताचा शब्द पंतांना देवाच्या ठिकाणी झाला. शरयू म्हणाली, "गोड बोलतो हो तो."

"गोड नव्हे गं. खरं बोलतो."

पडदा झाला. तांबूस उजेड, खुरटी बाभूळ, लांबवर धुळीत मेंढरं, आणि बाकी नुसता माळ. सिद्धनाथाच्या यात्रेत कंपनी म्हसवडला गेली. तिथं तो पडदा सुटला आणि पुढं बसलेला बिराप्पा नावाचा मेंढपाळ ताडकन उभा राहिला. "आवं, ह्यो आमचा माळ हाय!"

मागनं लोक ओरडले, "खाली बस की रं गड्या, तुज्यामुळं आमास्नी माळ दिसंना!"

पंत आत दोऱ्या धरून उभे होते. त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला.

पण एका यात्रेनं कंपनी किती दिवस जगणार? सांगलीच्या पत्र्याच्या थिएटरवर एका सिनेमावाल्याचा डोळा होता. अनंतानं सभा बोलावली. विकायचं, असं बहुमतानं ठरलं. पंतांचा हात तेवढा खाली राहिला.

"थिएटर द्या," पंत म्हणाले. "पडदे ठेवा. पुन्हा कधी उभं राहिलो तर..."

"सामानही सगळ्यांचंच आहे," अनंत म्हणाला. "सारखे वाटे."

ते कापडाच्या कंट्रोलचे दिवस. लुगड्यासाठी बायका पहाटेपासून रांगेत, कफनालासुद्धा परवाना. राजवाड्याचा पडदा उंदरांनी खाल्लेला, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. माळाचं कापड नवं होतं. अनंतानं शिंप्याची कात्री घेतली आणि स्वतः, माप लावून, अगदी न्यायानं, माळ उभा अकरा तुकड्यांत कापला.

नानासो तुकडा हातात घेऊन घुटमळला. "माज्या वाट्याला मेंढरं आली, पंत. तुमास्नी देतो म्हटलं असतं, पर बायकू इचारंल, कापड कुटं हाय म्हणून."

"ने रे बाबा," पंत म्हणाले.

तेवढ्यात सिनेमावाल्याचा माणूस दारात आला आणि अनंताला म्हणाला, "मॅनेजरसाहेब, किल्ल्या घेताय ना?"

पंतांनी विचारलं, "अनंता, हे कधी ठरलं? हात वर करायच्या आधी की नंतर?"

"पंत, मतं तर सगळ्यांनी दिली."

"मी ते नाही विचारलं."

अनंतानं त्यांना बाजूला घेतलं. "बोर्ड रंगवायला माणूस लागणार आहे. तुमच्यासाठी शब्द टाकलाय मी. नटनट्यांचे चेहरे काढायचे. शेटजी सांगतील तेवढे मोठे."

पंतांनी आपला तुकडा काखेत मारला आणि घरी आले. सगळं ऐकून शरयूनं विचारलं, "मग जाणार का बोर्डाला?"

"आप्पासो तोंडावर नाही म्हणायचे गं," पंत म्हणाले. "त्यांच्याकडं पुन्हा गेलो असतो."

सकाळी ते कृष्णेवर अंघोळीला गेले. घाटावर अनंताची बायको सुहासिनी पडद्याचा बाभळीचा तुकडा दगडावर आपटत होती. पोराला अंगडी शिवायची होती तिला. तिच्या पायाशी पाणी तांबूस झालं होतं, पण बुंधा काही पुसला जात नव्हता.

"भाऊजी, काय रंग लावलात हो हा! हात दुखले माझे."

पंत पायरीवर थांबले. तिला बिचारीला काय बोलणार?

"सरस आहे त्यात," ते म्हणाले. "गार पाण्यानं सुटायचा नाही. उकळत्या पाण्यात घाला, लगेच निघेल."

घरी येऊन त्यांनी आपला तुकडा शरयूपुढं टाकला. त्यावर नुसतं आभाळ होतं आणि खाली हातभर माळ. तिची चोळी खांद्यावर विरली होती, ती त्यांना आज दिसली.

"बंब पेटव," पंत म्हणाले आणि बाह्या वर सारून बसले.