पिशवीचा आवाज

मावशी मांजरं पकडून हॉटेलांना विकते, अशी गल्लीत बातमी होती. बातमीचा उगम तळमजल्यावरच्या काकू. असलं काही सांगण्याआधी त्या दाराकडे बघून आवाज खाली आणत, आणि इतका खाली आणत की तो समोरच्या इमारतीत नीट ऐकू जाई. मी म्हणत नाही हो, लोक म्हणतात. सकाळी भरलेले पिंजरे जातात, दुपारी रिकामे येतात. मधे काय होतं ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

मधे व्हायचं ते असं. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भटक्या मांजरांच्या रोगांची पाहणी करत होते. शहरातली चाळीस, गावाकडची तीस. मांजरं धरून द्यायचं काम मावशीचं. डॉक्टर थोडं रक्त काढत, कानाच्या टोकाला बारीक खाच पाडत, आणि मावशी ते मांजर जिथून उचललं त्याच भिंतीपाशी नेऊन सोडे. विकत असती तर गल्लीने तिला डोक्यावर घेतलं असतं. ती परत आणून सोडते, हा तिचा खरा गुन्हा.

तिची एक युक्ती होती. पिंजऱ्यात उकडलेला मासा ठेवायचा आणि बाजूला बसून प्लास्टिकची पिशवी चुरगळायची. शहरातलं मांजर कचऱ्याच्या पिशव्यांवर वाढलेलं; तो आवाज आला की कुठूनही धावत येणार. गावाकडचं उंदरांवर जगलेलं. त्याला पिशवी म्हणजे भूत. ते शेपूट फुगवून जे पळतं ते संध्याकाळपर्यंत दिसत नाही. म्हणून गावाकडे मावशी पिशवी बाहेर काढतच नसे.

शहरातली चाळीस पुरी झाली तशी ती बसने शेतांमधल्या धान्याच्या गोदामावर जाऊ लागली. तिथे फाटक्या ओठाची एक म्हातारी तांबूस मांजरी होती. पायाशी कधी यायची नाही, पण पोत्यांच्या थप्पीवर बसून मावशीच्या कामावर नजर ठेवायची. मावशीने तिचं नाव मुकादमीण ठेवलं. रक्तापुरती ती एकदाच पिंजऱ्यात आली. एका दुपारी डबा काढताना पिशवी वाजली. मुकादमीण तिच्या तीन पोरांसकट तुळईवर पसार झाली. आणि पोत्यांमागून अकरा मांजरं धावत येऊन मावशीसमोर बसली.

तिच्या हातातला घास हातातच राहिला. ही इथली नव्हतीच.

गोदामाच्या हमालाने सांगितलं की सुट्टीच्या दिवशी शहरातून टेम्पो येतो, गोण्या मोकळ्या करतो आणि जातो. टेम्पो कोण बोलावतं हे मावशीला विचारावं लागलं नाही. काकूंच्या दारातली गोणपाटांची चवड तिने रोज पाहिली होती.

अकरांपैकी सात मांजरांच्या रक्तात रोग निघाला. माणसाला न होणारा, मांजरांच्या भांडणात चाव्यातून पसरणारा. मुकादमिणीच्या एका पोराचा कानही फाटलेला होता, त्यालाही निघाला. गोदामाच्या व्यवस्थापकाने हिशेब सरळ ठेवला होता. रोग बाहेरून येत असेल तर टेम्पो फाटकावर अडवतो, इथलाच असेल तर सगळी मांजरं काढून टाकतो. डॉक्टर अहवालात काय लिहितात ते बघू. म्हणजे मुकादमिणीचं जगणं आता एका ओळीवर होतं.

मावशी डॉक्टरांकडे गेली. त्यांचं प्रत्येक वाक्य 'त्याचं असं आहे' पासून सुरू व्हायचं आणि कसं आहे ते शेवटपर्यंत कळायचं नाही. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकलं, त्या अकरांच्या कानाला शहरातली आधीची खाच होती का विचारलं. खाच नव्हती, चाळिसांत ती नव्हतीच.

"मग ती शहरातली हे मी कशावरून लिहू?"

"पिशवी वाजवते, तुम्ही बघायला या."

"त्याचं असं आहे मावशी, पिशवीचा आवाज मी तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहू? जिथे धरलं तिथलं मांजर." मग मावशीचा चेहरा बघून म्हणाले, "बरं, बघतो."

घरी भाचीने मावशीला डॉक्टर करून दाखवले, चष्मा कपाळावर ढकलून, पेनाचं टोपण काढत-घालत. एरवी मावशी हसून हसून खोकायची. त्या दिवशी म्हणाली, "बघतो म्हणताना त्यांनी टोपण घातलं. एक ओळ यायची नाही." भाची म्हणाली येईल, माणूस वाईट नाही. पैज लागली. हरेल तिने बाराच्या बारा पिंजरे धुवायचे.

अहवाल आला. ग्रामीण मांजरं तीस, रोगी आठ. टेम्पोची ओळ नाही. मांजरं धरायला व्यवस्थापकाने आधी मावशीलाच बोलावणं धाडलं. ती गेली नाही. मग जाळीवाले आले. अकरा मांजरं त्यांच्या डब्याच्या पिशवीलाच भुलून गेली. मुकादमीण दोन दिवस तुळईवर टिकली. कुठे नेली, ते हमालालाही कोणी सांगितलं नाही. पुढच्या सुट्टीला टेम्पो पुन्हा आला, त्याला कोणी अडवलं नाही. आणि काकू जिन्यात आवाज खाली आणून सांगत होत्या की गावाकडची मांजरं फार रोगट हो, अहवालात आलंय.

हरलेली भाची म्हणजे हे लिहिणारी. अकरा पिंजरे घासून झाले. बाराव्याच्या तारेत तांबूस केस अडकले होते. हा राहू दे का, असं मावशीला विचारलं.

"पैज बारांची होती," ती म्हणाली. "कोपरे नीट घास."