अशिक्षित स्त्री, वाक्यं तीन

"उद्या घरून घोंगडी घेऊन ये," सर भर वर्गात म्हणाले. "तुला वेगळा अभिनय करायची गरजच नाही."

वर्ग हसला. मीही हसले. सगळे हसतात म्हणून हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

महाडच्या कॉलेजात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वरंधच्या वर, डोंगरमाथ्यावर आमचा धनगरवाडा. घरं बारा. रोज तासभर उतरायचं, मग एसटी. वाड्यातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. पर्यावरण हा विषय नवाच सक्तीचा झाला होता. त्यात पास झाल्याशिवाय पदवी नाही. तो कसा शिकवतात ते बघायला विद्यापीठाची माणसं येणार होती, म्हणून सरांनी एक खोटी सभा बसवली. विषय, शाश्वत विकास आणि नैतिक निर्णय. एका कारखान्याला कचरा टाकायला डोंगरावर जागा हवी आहे. तिथे धनगरवाडा आहे. काय करावं?

कागदावर पात्रं होती. मॅनेजर, कलेक्टर, डॉक्टर, पर्यावरणतज्ज्ञ. मी तज्ज्ञासाठी हात वर केला होता. त्या विषयाचं पुस्तक अख्खं वाचलेली वर्गात मी एकटी असेन. ते काम बाजारपेठेतल्या दुकानदाराच्या मुलीला मिळालं. मला मिळालं यादीतलं शेवटचं. 'धनगर स्त्री, अशिक्षित.' तिला वाक्यं तीन. 'आम्ही अडाणी माणसं. आम्हाला काय कळतं? साहेब सांगतील ते बरोबर.'

"कॉलेजात घोंगडी कशाला गो?" घरी आबांनी विचारलं.

"नाटक हाय," मी म्हणाले.

त्यांनी ती झटकली, उन्हात घातली, नीट घडी करून दिली. पोरीच्या कॉलेजात आपली घोंगडी जाणार म्हणून खूश होते बिचारे. तालमीला शेजारच्या मुलीनं नाक दाबलं. मी तीन वाक्यं म्हटली. सर म्हणाले, "अगदी नैसर्गिक."

त्या दिवशी डोंगर चढताना माझं डोकं फिरलं. माझ्या वाड्यात असं कोण बोलतं? पावसाळा सरला की आमची बैठक बसते. डोंगराची कुठली बाजू चराईला मोकळी ठेवायची, कुठली राखायची, ते ठरतं. रीत अशी की ज्याची जनावरं सगळ्यात कमी, त्यानं आधी बोलायचं. चाळीस जनावरांचा धनी आधी बोलला तर एका म्हशीवाली तोंड उघडेल का? भागीकाकूची एकच म्हैस, तीही म्हातारी. मागं एकदा ती म्हणाली होती, "वरच्या झऱ्यावर माझी म्हस चढायची नाय." तेवढ्यावर अख्ख्या वाड्यानं खालची बाजू मोकळी ठेवली. कुरकुर झाली, पण ठेवली. शाश्वत म्हणा, नैतिक म्हणा, हे मी लहानपणापासून बघत आले. आणि ते शिकायला मी डोंगर उतरून इथे येत होते, घोंगडीच्या वासाचे टोमणे खायला.

सभेच्या दिवशी पाहुणे पुढे बसले. मॅनेजर बोलला. कलेक्टर बोलला. डॉक्टर, तज्ज्ञ. सगळ्यांच्या शेवटी मी. उभी राहिले तेव्हा फळ्याकडे लक्ष गेलं. सरांनी सभा सुरू व्हायच्या आधीच खडूनं लिहून ठेवलं होतं, 'ठराव सर्वानुमते मान्य.'

मी घोंगडी खांद्यावरून काढली. घडी केली.

"मी शेवटची बोलणार नाय," मी म्हणाले. वाड्यावर बोलते तशी बोलले. "आमच्यात ज्याचं कमी, तो पयला बोलतो. सभा परत सुरू करा. चौघं बोललात. आमी पाणी कुठलं पितो, एकानं तरी इचारलं?"

"बस खाली," सर म्हणाले. "अक्कल शिकवू नकोस."

मी बसले नाही, बाहेर गेले.

दोन दिवसांनी कॉलेजचा निरोप आला. पाहुण्यांपुढे कॉलेजची अब्रू घालवली, लेखी माफी द्या, नाहीतर सभेचे, म्हणजे प्रकल्पाचे, गुण शून्य. वडिलांना घेऊन या. आबा आले. धुतलेलं मुंडासं बांधून आले. सरांच्या टेबलापुढची खुर्ची रिकामी होती, त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. आत शिरताच त्यांनी हात जोडले.

"आमी अडाणी मानसं, सायेब. आमाला काय कळतं?"

सर माझ्याकडे बघून हसले. "ऐकलंस?"

ऐकलं. जमिनीत गाडून घ्यावं असं वाटलं. त्या क्षणी मला आबांचाही संताप आला, खोटं कशाला सांगू. वाड्याच्या बैठकीत हा माणूस पाटलालाही खडसावतो. तो असा बोलतो फक्त टेबलापुढे. फॉरेस्टच्या टेबलापुढे, तलाठ्याच्या टेबलापुढे, आता या टेबलापुढे. सरांनी ते वाक्य मनानं रचलं नव्हतं. टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं त्यांनी ते आयुष्यभर ऐकलं होतं आणि त्यालाच आमचा स्वभाव समजून बसले होते. आमच्या मानेवर पाय ठेवायचा, आणि म्हणायचं, हे लोक वाकूनच चालतात.

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी तो कोराच परत सरकवला. आबांचे जोडलेले हात धरून खाली केले. "चला आबा."

एसटीत त्यांनी मुंडासं सोडून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "लिवलं असतंस तर काय झिजलं असतं गो?"

"तुमी झिजलात तेवढं पुरं," मी म्हणाले. ते त्यांना लागलं. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी समजूत काढली नाही.

त्या विषयात मी नापास झाले. पदवी अडकली. पुढच्या परीक्षेचा फॉर्म मी भरलाय. माफी लिहिलेली नाही, लिहिणार नाही. सरांना तीच सभा पुन्हा बसवायची असेल तर खुशाल बसवू देत. पात्र कुठलंही द्या. वाक्यं माझी असतील, आणि मी आधी बोलेन.