अध्यक्ष आणि डावा हात

माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली आहेत, सासूबाई आमच्याजवळच असतात आणि आमच्या अपार्टमेंटची सचिवही मीच आहे. तरी सांगते, आमच्या छात्राध्यापक मंडळाच्या अध्यक्षाइतका संताप मला आजवर दुसऱ्या कुणीही आणलेला नाही. बेचाळिसाव्या वर्षी मी बी.एड.ला प्रवेश घेतला. मंडळाच्या पहिल्याच सभेत, हातात वही दिसली म्हणून मला सचिव करून टाकलं. अध्यक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं. सर म्हणाले, "इच्छुकांनी हात वर करा," आणि मलकापूरच्या एसटीतून घामाने निथळत आलेल्या एका पोराने पंखा लावू का विचारायला हात वर केला. टाळ्या झाल्या. पंखा काही लागला नाही, तो मात्र अध्यक्ष झाला.

बी.एड.मध्ये पाठ थेट सुरू करायचा नसतो. आधी प्रस्तावना करायची, म्हणजे तीन-चार सोपे प्रश्न विचारून मुलांना विषयाच्या दारापर्यंत आणायचं. मग हेतुकथन करायचं, "आज आपण अमुक शिकणार आहोत." आम्ही हे वर्गात करायचो आणि वर्गाबाहेर आलो की विसरायचो. अध्यक्षाला आत-बाहेर हा फरकच नव्हता. कॉलेजसमोरच्या टपरीवर तो चहावाल्या मामांना विचारायचा, "मामा, थंडी वाजली की माणसाला काय प्यावंसं वाटतंय?" मामा पातेल्यावरून नुसते बघायचे. "बरं, ते दुधात करतात का पाण्यात?" मागे सहा जण ताटकळलेले. शेवटी मामा ओरडायचे, "पावणं, च्या पायजे का न्हाय, तेवढं सांगा की!" आणि हा खूष. "शाब्बास! तर आज आपण चहा पिणार आहोत." तोवर माझा चहा संपून, रागाच्या भरात दुसरा मागवलेला असायचा.

शिक्षक दिनाचा कार्यक्रम मी मिनिटामिनिटाचा बसवला होता. प्रास्ताविक चार मिनिटं, अध्यक्ष. पाहुणे म्हणजे शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब. अध्यक्षाने माईक हातात घेतला आणि थेट पाहुण्यांनाच विचारलं, "शिक्षकाच्या हातात सगळ्यात मोलाचं काय असतंय?" साहेब जुन्या सवयीने उठून उभे राहिले. "ज्ञान," म्हणाले.

"बसा. दुसरं कोण सांगतंय?"

साहेब बसले. उत्तर 'खडू' होतं. त्याच्या खिशात तो कायम असायचाच, त्यामुळे त्याची प्रत्येक पँट उजव्या बाजूला पांढरी. कार्यक्रमानंतर प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "हे तुमच्या यादीत होतं का?" मी त्याला जिन्यात गाठून झाप झाप झापलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, माणसाला राग कधी येतो?"

एवढं असून शाळेतली पोरं त्याच्यावर जीव टाकायची, याची तर मला जास्तच चीड यायची. सरावपाठाला गेलो की माझी टाचणं नीटनेटकी, माझे तक्ते सरळ रेषेतले, आणि फाटकापर्यंत धावत यायची ती मात्र त्याच्यासाठी.

आता वार्षिक पाठाचं सांगते. बाहेरून परीक्षक येतात, मागच्या बाकावर बसतात आणि पस्तीस मिनिटांत आपली श्रेणी ठरवतात. मलकापूरच्या एका शाळेत गणिताची जागा रिकामी होती. मुख्याध्यापक अध्यक्षाला म्हणाले होते, "वार्षिक पाठाला 'अ' श्रेणी आण, तासिकेवर घेतो." त्याच्या वडिलांचं पशुखाद्याचं दुकान होतं आणि निकालानंतर तिथं बसायचं नसेल तर हीच एक वाट होती. हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. त्याला स्वतःला ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

आमच्यात एक रीत होती. आदल्या दिवशी वर्गात जाऊन मुलांना तयार करून यायचं. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. परीक्षकांना हातांचं रान दिसतं आणि आपण फक्त उजव्यांना विचारायचं. वर्षानुवर्षं हेच चालत आलेलं. माझा पाठ असाच झाला आणि मला 'अ' मिळाला. अध्यक्ष हे करणार नाही हे ओळखून त्याचा वर्ग मी स्वतः तयार केला. राजारामपुरीतल्या एका शाळेतली सहावी, विषय अपूर्णांकांची बेरीज. सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, बाकांचा नकाशा काढून त्याच्या हातात दिला आणि तीनदा बजावलं, "फक्त उजवे."

दुसऱ्या दिवशी मी निरीक्षणवही घेऊन मागे बसले. त्याने पहिला प्रश्न विचारला, "अर्धी भाकरी मोठी का पाव भाकरी?" चाळीस हात वर गेले. त्याने वर्गभर नजर फिरवली आणि थेट कोपऱ्यातल्या, डावा हात ताठ वर केलेल्या मुलीला उठवलं.

ती गोंधळली. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "मला येत न्हाय सर. म्हणून तर डावा केलाय की."

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. एखादा शहाणा असता तर हसून पुढे गेला असता. यानं तिला पुढे बोलावलं. आठ दिवस खपून केलेला, भाकऱ्यांची चित्रं असलेला तक्ता भिंतीवरून काढला आणि टराटरा फाडला. अर्धी तिच्या हातात, पाव तिच्या हातात, ठेव एकीवर एक, आता बघ. ती चुकली, त्याने पुन्हा फाडली. मग एकेक करून बाकीचे डावे हातही पुढे येऊन जमिनीवर बसले. घंटा झाली तेव्हा ती मुलगी म्हणाली, "पाव बारकी हाय सर! चार लागत्यात एका भाकरीला!" हेतुकथन राहिलंच. परीक्षकांचा शेरा होता, 'पाठ सुरूच झाला नाही.' श्रेणी 'क'.

"तिलाच का उठवलंस?" मी व्हरांड्यात किंचाळले.

"तिचा हात सगळ्यात वर होता की, ताई."

"अरे, डावा होता तो!"

"व्हय. म्हणून तर."

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला जाताना मलकापुरात उतरले. मुद्दाम, शिक्षक भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख लिहून घेऊन. तो दुकानात एका म्हाताऱ्या मावशींना विचारत होता, "मावशी, म्हस दूध कशापासनं देती?" मावशी म्हणाल्या, "तुझं डोस्कं खाऊन. पेंड दे!" मी त्याच्यासमोर कागद ठेवला. विचारलं, भरणार का? मला वाटलं, आता तीन प्रश्न येणार. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने सरळ उत्तर दिलं. "न्हाय ताई. तसलं शिकवायला मला येत न्हाय." आणि खिशातल्या खडूने पोत्यावर भाव लिहू लागला. मी रागाने चहासुद्धा न घेता निघाले.

आता मी एका शाळेत आहे, कायम. डाव्या-उजव्याची रीत मी मोडली. रोज तासाला विचारते, "कुणाला येत नाही, त्यांनी हात वर करा." एकही हात येत नाही. माझ्या वर्गात सगळ्यांनाच सगळं येतं. मागच्या आठवड्यात शेवटच्या बाकावर एका मुलीचा डावा हात कानापर्यंत आला, थांबला, आणि बट मागे सारून खाली गेला. तो पुन्हा वर येईल म्हणून मी घंटा होईपर्यंत त्या बाकाशी उभी राहिले. त्या दिवशी माझा पाठ सुरूच झाला नाही. माझ्या वहीत अध्यक्षाविरुद्धच्या तक्रारींचं एक पान आहे, हेही मी त्याच्याच नावावर लिहून ठेवलं आहे.